कानांनी ओळखलेली दिशा

दिवेलागणीच्या सुमारास गच्चीवर जाऊन घटकाभर बसावयाचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. वाशी आणि कोपरखैरणे यांच्या सीमेवर आमचे बिऱ्हाड असल्यामुळे सांताक्रूझच्या विमानतळावर उतरावयास निघालेली विमाने बहुधा आमच्या माथ्यावरूनच पश्चिमेस जातात. चाके खाली सोडलेली, दिवे लागलेले, असे ते धूड खाडीकडे सरकू लागले की घरातील मुले एकच प्रश्न विचारतात, "आजोबा, हे कोठून आले?" शिक्षकाच्या पेशात जन्म घालविलेल्या माणसास प्रश्न कानी पडला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. विमान पूर्वेकडून येताना दिसते, तेव्हा ते कलकत्त्याचे असावे, नागपूरचे असावे, असे आम्ही कित्येक वर्षे बेधडक सांगत आलो. आणि मुलांनीही ते प्रमाण मानले.

थंडीच्या दिवसांतील एका सायंकाळी आमच्या धाकट्या बंधूंची नात गच्चीवर होती. ती वैमानिक होण्याचा अभ्यास करीत आहे. आम्ही नेहमीप्रमाणे "नागपूर" म्हणताच तिने हातातील दूरध्वनीचा पडदा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आजोबा, हे दुबईचे आहे." दुबई आपल्या वायव्येस. मग ते पूर्वेकडून कसे आले? तिने सांगितले ते असे, की विमान वाऱ्यास तोंड देऊन उतरते. मुंबईस संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो. म्हणून दुबईचे, दिल्लीचे, गोव्याचे, कोठलेही विमान शेवटी वळसा घेऊन पूर्वेस येते आणि आपल्या डोक्यावरून पश्चिमेस जाते. याचा अर्थ, आम्ही जे इतकी वर्षे सांगत होतो ते विमानाचे मूळ गाव नव्हते. वाऱ्याचे गाव होते.

चूक लहान मुलांसमोर उघडी पडली, याचा विषाद आम्हांस फार वाटला नाही. परंतु दिशा ही वस्तू दिसते तितकी सोपी नाही, हे मात्र मनास लागून राहिले. पुढे त्या मुलीच्या परीक्षेच्या निमित्ताने या विषयाचे जे थोडे ज्ञान आम्हांस झाले, ते आजच्या लेखात वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

वैमानिकास विमान हाकता येणे पुरेसे नसते. आकाशातून भूमीवरील नियंत्रकाशी बोलावयाचे कसे, याची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिच्या सरावासाठी समोर कोणीतरी नियंत्रक होऊन बोलणारा हवा. ते काम आमच्याकडे आले. रोज रात्री जेवणे आटोपली की आम्ही ओसरीवर कागद घेऊन नियंत्रक व्हावयाचे, आणि तिने माजघरातून वैमानिक होऊन उत्तर द्यावयाचे. जोडीस अमेरिकेतील विमानतळांवरचे खरेखुरे संवादही ती ऐकवी. त्या देशात ते ऐकण्यास मुभा आहे. आपल्याकडे असे ग्राहकयंत्र घरी बाळगणे हा सरकारी अनुज्ञेचा विषय आहे. तेव्हा वाचकांनी बाजारातून यंत्र आणून कान लावून बसावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. इंग्लंडातही कायद्याने ते वर्ज्यच आहे. परंतु त्या भाषेचे व्याकरण समजून घेण्यास कोणतीच आडकाठी नाही, आणि ते व्याकरण मोठे मनोरंजक आहे.

प्रथम आकड्यांचा विचार करू. आपल्या पूर्वजांनी आठ दिशांस आठ दिक्पाल नेमले. वैमानिकांनी त्याच वर्तुळाचे ३६० अंश केले. उत्तरेपासून आरंभ करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजीत जावे: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि फिरून उत्तर ३६०. आग्नेय म्हणजे १३५, नैर्ऋत्य २२५, वायव्य ३१५, ईशान्य ४५. संख्या नेहमी तीन अंकी, आणि प्रत्येक अंक सुटा उच्चारावयाचा. 'दोनशे सत्तर' असे न म्हणता 'टू सेव्हन झिरो' म्हणावयाचे. नऊचा उच्चार तर मुद्दाम 'नायनर' असा करतात, जेणेकरून 'फाईव्ह'शी त्याची गल्लत होऊ नये. छत्तीस आणि त्रेसष्ट यांत घोटाळा करणारी मुले ज्याने आयुष्यभर पाहिली, त्यास या सुट्या अंकांचे मर्म चटकन पटते.

धावपट्टीचे नावही याच हिशेबाने पडते. अंशांस दहाने भागावे आणि जवळचा पूर्णांक घ्यावा. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी एका टोकाकडून २७ आणि दुसऱ्या टोकाकडून ०९. तिला छेदणारी दुसरी १४ आणि ३२. कोणतीही जोडी घ्या, अंतर १८चेच. कारण अर्धे वर्तुळ १८० अंशांचे. उलव्याच्या ज्या नव्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि जेथून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली, तेथील धावपट्टी ०८ आणि २६. घरातील चौथीच्या मुलासही एक आकडा सांगून दुसरा काढावयास लावता येईल.

हे अंश खऱ्या उत्तरेपासून मोजलेले नसून होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेले असतात. या दोन उत्तरांत जगाच्या काही भागांत बराच फरक पडतो. आपल्या कोकणपट्टीत तो एका अंशाहूनही कमी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पूर्वी ते कुलाब्याच्या वेधशाळेत होई. मुंबईत घोड्यांच्या ट्रामांऐवजी विजेच्या ट्रामा येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने सूक्ष्म चुंबकसूच्या बिघडतील हे ओळखून १९०४ साली हे काम अलिबागेस हलविण्यात आले. विजेची ट्राम रस्त्यावर आली १९०७ साली. वेधशाळा तीन वर्षे आधीच सावध झाली होती. आज उलव्यास उतरणाऱ्या वैमानिकाच्या होकायंत्राचा आणि अलिबागेच्या त्या शांत इमारतीचा असा संबंध आहे.

आता संवाद ऐकून दिशा कशी काढावयाची ते पाहू. त्यात तीन प्रकारची वाक्ये येतात.

पहिल्या प्रकारात नियंत्रक दिशाच सांगतो: 'डावीकडे वळा, हेडिंग थ्री झिरो झिरो.' येथे विमानाचे नाक ३०० अंशांकडे, म्हणजे पश्चिम आणि वायव्य यांच्या मध्ये आले, हे उघड आहे. परंतु याहून अधिकही कळते. समजा, विमानास २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर पश्चिमाभिमुख उतरावयाचे आहे. ते दक्षिणेकडून उत्तरेस येत असेल, तर पश्चिमेस वळताना त्यास डावीकडेच वळावे लागेल. उत्तरेकडून दक्षिणेस येत असेल, तर उजवीकडे. म्हणजे 'डावीकडे' एवढा एक शब्द ऐकूनही ते गोव्याच्या बाजूने आले की गुजरातच्या बाजूने, याचा अंदाज बांधता येतो. आमची गच्चीवरची चूक हा एक शब्द ठाऊक असता तर टळली असती.

दुसऱ्या प्रकारात दिशा सांगितलेली नसते, पण गृहीत असते: 'धावपट्टी २७, उतरण्यास अनुज्ञा, वारा टू सिक्स झिरो अंश, दहा नॉट.' येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. विमानाचा आकडा ते *कोणीकडे चालले* ते सांगतो. वाऱ्याचा आकडा तो *कोठून आला* ते सांगतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण गती एकमेकांच्या उलट. आपल्या भाषेतही हेच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणजे नैर्ऋत्येस जाणारा नव्हे, तिकडून येणारा. आणि पुण्याची गाडी म्हटले की मात्र ती पुण्यास जाणारी की पुण्याहून आलेली, हे विचारून घ्यावे लागते.

तिसऱ्या प्रकारात विमान आपले ठिकाण सांगते: 'अमुक स्थानापासून वीस मैल.' यावरून ते कोठे आहे एवढेच कळले. कोणीकडे चालले हे मुळीच कळले नाही. त्यासाठी पुन्हा थोड्या वेळाने सांगितलेले दुसरे ठिकाण ऐकावे लागते. दोन बिंदू मिळाले की रेषा निघते, हे भूमितीचे पहिले सूत्र येथेही लागू आहे.

उंच उडणाऱ्या विमानांसाठी आणखी एक सुंदर युक्ती आहे. समोरासमोर येणारी विमाने एका उंचीवर असू नयेत, म्हणून नियम असा, की ज्याचा मार्ग ० ते १७९ अंशांत, म्हणजे पूर्वेकडील अर्धवर्तुळात आहे, त्याने विषम हजारांच्या उंचीवर उडावे. १८० ते ३५९ अंशांत जाणाऱ्याने सम हजारांच्या. 'लेव्हल थ्री फाईव्ह झिरो' असे ऐकू आले तर ती पस्तीस हजार फुटांची पातळी झाली. पस्तीस विषम, म्हणून विमान पूर्वार्धात चालले. 'थ्री सिक्स झिरो' असेल तर पश्चिमार्धात. मुंबईहून दिल्लीस सरळ रेषा काढली तर ती उत्तरेच्या किंचित पूर्वेस झुकते. म्हणून जाताना विषम आणि येताना सम. विमान चढत वा उतरत असताना मात्र हे अनुमान करू नये. आणि एकेरी वाहतुकीच्या काही मार्गांवर नियमास अपवादही असतात.

जमिनीवरून असा संवाद ऐकणाऱ्यास एक अडचण नेहमी येते. या लहरी सुमारे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या, आणि त्या दृष्टीप्रमाणे सरळ रेषेत चालतात. आकाशातील विमानाचा आवाज दुरूनही येतो. पण मध्ये डोंगर किंवा इमारती असल्या तर जमिनीवरील नियंत्रकाचा आवाज पोहोचत नाही. संभाषणाचा अर्धाच भाग कानी पडतो. तरीही अर्थ लागतो. कारण वैमानिकाने दिशा, उंची, धावपट्टीचा क्रमांक ही प्रत्येक आज्ञा स्वतः उच्चारून परत सांगितलीच पाहिजे असा दंडक आहे. नुसते 'समजले' चालत नाही. हा प्रकार ऐकून आम्हांस आमची संथा आठवली. गुरुजी एकदा म्हणत आणि आम्ही दोनदा. म्हणताना स्वर चुकला तर तो तेथेच पकडला जाई. ऐकणाऱ्याने ऐकले की नाही, हे त्याच्या मान डोलावण्यावरून ठरत नाही. त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांवरून ठरते, हे तत्त्व वेदपाठशाळेचे आणि विमानतळाचे एकच.

हा केवळ विरंगुळ्याचा विषय असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु दिशेची भाषा अपुरी पडली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या मुंबईशीच निगडित आहेत.

जुहूचा छोटा विमानतळ सांताक्रूझच्या पश्चिमेस, समुद्राकाठी आहे. त्याची धावपट्टी ०८, सांताक्रूझची ०९. दोहोंच्या दिशांत फरक सुमारे दहा अंशांचा. आणि समुद्राकडून पूर्वेस येणाऱ्यास आधी जुहू लागते. १५ जुलै १९५३ रोजी एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. आखूड धावपट्टी संपली, विमान पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे सुदैव. वैमानिकाची दिशा चुकली नव्हती; दिशा जवळजवळ बरोबर होती, जागा चुकली होती.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. वाशीच्या खाडीकाठी उभे राहिले की पैलतीरी ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तेथील अणुसंशोधन केंद्रास १९६७ सालापासून डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे. भाभा ज्या 'कांचनजंगा' विमानाने निघाले होते, ते २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाजवळ येत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ माणसे गेली. चौकशीत आढळले ते असे: विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते. वैमानिकाने पर्वताच्या संदर्भात आपले स्थान चुकीचे मोजले आणि ते नियंत्रकास कळविले. नियंत्रकाने ती चूक ओळखली आणि खरे स्थान सांगितलेही. परंतु त्याच्या शब्दांत पुरेसा नेमकेपणा नव्हता. आपण शिखराची रांग ओलांडली, अशाच समजुतीने वैमानिक खाली उतरत राहिला. सांगणाऱ्यास सत्य ठाऊक होते, ऐकणाऱ्याचे कान उघडे होते, आणि तरीही मध्ये पर्वत उभा राहिला. सरावाच्या रात्री आम्ही ही हकीकत वाचली, तेव्हा ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत दिशेची गणना केली आहे. त्यांच्या मते दिशा एकच व सर्वव्यापी. पूर्व, पश्चिम हे भेद उपाधीने, म्हणजे सूर्य कोठे उगवतो, कोणता पदार्थ कोणापासून कोठे आहे यांवरून पडतात. तरुणपणी आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. आता वाटते, त्यांनी व्यवहारातीलच गोष्ट सांगितली. 'पाच मैल' म्हटले की कोठून, कशापर्यंत आणि कोणत्या बाजूस, हे प्रश्न आलेच. वैमानिकास 'दोन वाजताच्या दिशेस विमान आहे' असे सांगतात, तेव्हा ते घड्याळ त्याच्या नाकापुढे धरलेले असते. तो पश्चिमेस चालला असेल तर तीन वाजताची दिशा उत्तर. दक्षिणेस चालला असेल तर तीच पश्चिम. शिवाय नाकाची दिशा आणि प्रत्यक्ष वाट यांतही आडव्या वाऱ्याने अंतर पडते. भरतीत खाडी ओलांडणारा कोळी होडीचे तोंड पैलतीरावरील धक्क्याच्या थोडे बाजूस धरतो, तेव्हा कोठे ती धक्क्यास लागते. तोंड पाहून वाट सांगू नये, हे त्यास पुस्तकावाचून ठाऊक असते.

घरातही हेच घडते. काही महिन्यांपूर्वी आमच्या सुनेने बाहेरून दूरध्वनी करून मुलास सांगितले, "आजीला उजवीकडच्या कप्प्यातील गोळी दे." कपाटाकडे तोंड करून उभ्या असलेल्याची उजवी की कपाटाकडे पाठ करून उभ्या असलेल्याची, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. मुलाने "हो" म्हटले. गोळी दुसरीच निघाली. वहिनींनी चष्मा लावून वेष्टन वाचले म्हणून बरे. पंधरा-वीस माणसांच्या घरात असे निरोप दिवसातून किती जातात, त्याचा वाचकांनीच हिशेब करावा. 'तिकडे ठेव', 'पलीकडच्या काकांना दे', 'परवा ये' यांतील प्रत्येक शब्दास बोलणाऱ्याचे एक ठिकाण असते आणि ऐकणाऱ्याचे दुसरे.

त्या दिवसापासून आमच्याकडे औषधाचा, पैशाचा आणि प्रवासाचा निरोप परत म्हणून दाखविल्यावाचून पुरा झाला असे मानीत नाहीत. मुलांस आरंभी हसू आले. परंतु खेळ म्हणून त्यांनी तो उचलला, आणि आता मोठ्यांसच ती अडवितात. गच्चीवरही नवा क्रम सुरू झाला आहे. विमान दिसले की गावाचे नाव सांगावयाचे नाही. आधी वारा कोठून, नाक कोणीकडे, धावपट्टी कोणती, आणि उतरावयाचे सांताक्रूझला की उलव्याला, हे सांगावयाचे. दोन विमानतळांत सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही अंतर नाही आणि दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ समांतर. तेव्हा जुहूचा धडा आमच्या गच्चीसही लागू आहे. उत्तर बरोबर की चूक, हे मग दूरध्वनीच्या पडद्यावर पाहावे. जसे उदाहरण सोडविल्यावर पुस्तकाचे शेवटचे पान पाहतात.

आमच्या वहिनींस या सगळ्या अभ्यासाची प्रथमपासून धास्ती होती. "आकाशात पोरीला वाट कोण दाखविणार?" असे त्या म्हणत. सरावाच्या वेळी त्या शेजारी वाती वळीत बसत, त्यामुळे त्यांच्याही कानी सारे पडे. परीक्षेस निघताना नात पाया पडली, तेव्हा त्यांनी कोणत्या गाडीने जाणार, कोठे उतरणार, रात्री कोणाकडे राहणार, हे सारे विचारले. तिने सांगितले. वहिनींनी ते शब्दशः परत म्हणून दाखविले. एका ठिकाणी स्थानकाचे नाव चुकले, ते तिने दुरुस्त केले, आणि त्यांनी पुन्हा म्हटले. मगच त्यांनी तिच्या हातावर दही घातले.